गनिमी जाहिरातीने शहराला घोर लागतो तेव्हा: बेळगावात बिननावाच्या लाईटच्या पाट्या लावाव्यात का?

कुंदानगरी
गणपतीच्या आधी एका मिठाईच्या दुकानाची दुसरी शाखा उघडायची आहे. जाहिरातीचा बेत असा: आठ दिवस आधी एका रात्रीत शहरभर ४० लाईटच्या पाट्या लावायच्या. साधारण दीड फूट बाय एक फूट. पाटीवर फक्त डोळा मिचकावणारा मोदक. दुकानाचं नाव नाही, नंबर नाही. लोकांनी फोटो काढावेत, "हे काय आहे?" म्हणून एकमेकांना पाठवावेत आणि आठव्या दिवशी उलगडा व्हावा. पाटीमागे काळ्या प्लास्टिकच्या डब्यात १२ व्होल्टची बॅटरी. जागा: सेंट्रल बसस्टँड, कपिलेश्वर उड्डाणपुलाखाली, गोवावेस, आरपीडी क्रॉस, कॅम्पातली झाडं, रेल्वे स्टेशनची बाहेरची भिंत. यात काय चुकू शकतं? जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

मार्कंडेयकाठ
तुमच्या बेतात आणि बॉस्टनच्या प्रकरणात फरक फक्त चित्राचा आहे, म्हणून ते नीट सांगतो.

कार्टून नेटवर्कवरच्या एका मालिकेसाठी न्यूयॉर्कच्या इंटरफिअरन्स नावाच्या एजन्सीने अमेरिकेतल्या १० शहरांत एलईडीच्या पाट्या टांगल्या. बॉस्टन परिसरात सुमारे ४०. पाटीवर मालिकेतलं एक चौकोनी पात्र, खाली काळ्या टेपने गुंडाळलेल्या बॅटऱ्या आणि उघड्यावर दिसणाऱ्या वायरी. नाव-गाव काही नाही. ३१ जानेवारी २००७ रोजी सकाळी आठच्या सुमारास सलिव्हन स्क्वेअर स्टेशनपाशी महामार्गाच्या पुलाखालची एक पाटी एका प्रवाशाच्या नजरेस पडली आणि त्याने पोलिसाला सांगितलं. बॉम्बनाशक पथकाने ती जागीच नष्ट केली. दुपारी तशाच वस्तू आणखी ठिकाणी असल्याचे फोन आले. मग पूल बंद, गाड्या बंद, चार्ल्स नदीतली वाहतूकही थांबवली. त्याच दिवशी एका हॉस्पिटलात पाईपबॉम्बसारखी दिसणारी वस्तू सापडली होती. तिचा जाहिरातीशी काडीचा संबंध नव्हता, पण पोलिसांनी दोन्ही एकत्र धरणं साहजिक होतं.

"या पाट्या आमच्या" असं कंपनीने जाहीर करेपर्यंत दुपारचे साडेचार वाजत आले होते. सकाळी आठ ते दुपारी साडेचार! माझ्या मते प्रकरण हाताबाहेर गेलं ते या वेळात. कार्टून नेटवर्कची मालक कंपनी टर्नर ब्रॉडकास्टिंग, तिला २० लाख डॉलर द्यावे लागले, निम्मे पोलीस आणि इतर यंत्रणांच्या खर्चापोटी, निम्मे सुरक्षेच्या कामासाठी. कार्टून नेटवर्कच्या प्रमुखांनी फेब्रुवारीत राजीनामा दिला.

अनगोळकर
पण बाकीच्या नऊ शहरांत त्याच पाट्यांनी असं काही झालं नाही. बॉस्टनच्या पोलिसांनी जरा जास्तच मनावर घेतलं असं का म्हणू नये? लाईट लावलेली वस्तू लपवायची असती तर कुणी ती चमकवली असती का?

मार्कंडेयकाठ
@अनगोळकर, तुमचा मुद्दा तिथेही खूप जणांनी मांडला, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण लाईट रात्री चमकते. सकाळी आठला ती बंद, म्हणजे दिसतं ते एवढंच: पुलाच्या लोखंडाला चिकटलेला काळा पट्टा, बॅटऱ्या, वायर. नऊ शहरांत काही झालं नाही याचा अर्थ तिथे तशा जागी, तशा वेळी, तसा फोन आला नाही. एक फोन पुरतो. आणि फोन आल्यावर पथकाला "असेल जाहिरात" म्हणून परत फिरता येत नाही.

फ्लेक्स_खडेबाजार
पोलिसांना आधी सांगितलं तर सस्पेन्स गेला की ओ! सगळी मजा त्यातच असतंय.

खानापूरची_मैना
@फ्लेक्स_खडेबाजार दादा, गंमत लोकांसाठी आहे, कंट्रोल रूमसाठी नाही. ११२ वर फोन आला की पलीकडच्या माणसासमोर आपल्या ४० जागांची यादी असली पाहिजे. तो माणूस काही ती यादी व्हॉट्सॲपवर टाकत नाही.

सर्किट_शहापूर
मी फक्त वस्तूबद्दल लिहितो. पथक एखादी वस्तू संशयास्पद ठरवतं तेव्हा पाहतं ते हे: विजेचं साधन (बॅटरी), जोडणी (वायर), आत काय आहे ते न दिसणारा डबा, आणि वस्तू सांभाळणारं कुणी जवळ नसणं. तुमच्या पाटीत चारही आहेत. काळा डबा बंद असला की समोर दोनच वाटा उरतात, एक्स-रे घेणं किंवा लांबून पाण्याच्या झोताने फोडणं.

आता हिशेब बघा. १२ व्होल्टची साधी पट्टी, मीटरला ६० एलईडीची, मीटरमागे ४.८ वॅट घेते. मोदकाच्या आकाराला दोन मीटर लागली तर ९.६ वॅट, म्हणजे ०.८ अँपिअर. संध्याकाळी सात ते बारा पाच तास धरले तर रोज ४ अँपिअर-तास. त्यासाठी बाजारात सहज मिळणारी बॅटरी म्हणजे ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड, वजन दोन किलोच्या आसपास. असे ४० नग उंचावर केबल-टायने बांधणार, आणि दिवस पावसाचे. साधा पांढरा नायलॉनचा टाय उन्हात ठिसूळ होतो. दोन किलोचा डबा पुलाखालून जाणाऱ्या दुचाकीवर पडला तर बॉम्बची शंका यायचीही गरज उरत नाही. आणि दुसऱ्या रात्री चार्ज कोण करणार? ४० शिड्या, ४० चार्जर.

लिथियमचे '१८६५०' या आकाराचे सेल हलके असतात म्हणून कुणी सुचवेल. संरक्षक सर्किट नसलेले, पावसात भिजणारे, उन्हात तापणारे लिथियम सेल सार्वजनिक जागी बेवारस सोडू नयेत. धूर निघाला की घाबरलेल्या लोकांची शंका खरीच ठरते.

लाईट हवीच असेल तर अशी करा:
समोर आणि मागे ३ मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक, म्हणजे आरपार दिसलं पाहिजे. पट्टीऐवजी सुटे ५ मिलिमीटरचे पांढरे एलईडी, तीन-तीनच्या ओळीत: ३.२ गुणिले ३ म्हणजे ९.६ व्होल्ट, उरलेले २.४ व्होल्ट २० मिलिअँपिअरला १२० ओहमच्या रेझिस्टरवर. ३० एलईडीच्या १० ओळींना ०.२ अँपिअर पुरे. वीज बॅटरीची नाही, ज्या दुकानाच्या शटरवर पाटी लावाल त्याच दुकानातून १२ व्होल्ट १ अँपिअरच्या ॲडॅप्टरने. काळी टेप कुठेही नको. वायर पांढऱ्या केसिंग पट्टीतून. म्हणजे वस्तू कुणाच्या तरी दारात, कुणाच्या तरी विजेवर चालते. ती बेवारस राहत नाही.

फ्लेक्स_खडेबाजार
@सर्किट_शहापूर, एवढं करण्यापेक्षा रेडियम कटिंग करा म्हणतो मी. पिवळ्या रेडियमचा मोदक, काळ्या सनबोर्डवर. गाडीची हेडलाईट पडली की चमकतंय, नाहीतर गप्प. बॅटरी नाही, वायर नाही, चार्जिंग नाही. पावसाचे दिवस आहेत, म्हणून सनबोर्डऐवजी ३ मिलिमीटरची फोम शीट घ्या आणि कडा सीलंटने बंद करा. चिकटवायला दुहेरी टेप नको, पावसात सुटतंय. चार कोपऱ्यांना भोक, आयलेट आणि पांढरी सुतळी.

सर्किट_शहापूर
@फ्लेक्स_खडेबाजार भावा, हे माझ्या सगळ्या गणितापेक्षा बरं आहे.

निपाणीकर
अवांतर, पण याच माळेतलं. एप्रिल २००६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका हॉलिवूडपटाच्या जाहिरातीसाठी वर्तमानपत्राच्या ४,५०० पेट्यांमध्ये संगीत वाजवणारी छोटी यंत्रं बसवली होती. पेटीचं दार उघडलं की चित्रपटाची धून. यंत्र दारामागे दडलेलं असायला हवं होतं, पण काही ठिकाणी स्क्रू निसटले आणि लाल वायरींचा डबा थेट वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर येऊन पडला. सँटा क्लॅरिटात बाँबच्या संशयाने एक पेटी पोलिसांनी उडवून दिली. तिथे वस्तू लावायला पेट्यांच्या मालकाचीच, म्हणजे वर्तमानपत्राची परवानगी होती. तरी घात झाला, कारण स्क्रू. कल्पनेची चर्चा सगळे करतात, फिटिंगची कुणी करत नाही.

वकील_चिकोडी
कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. लोकांना त्रास होईल असं कृत्य म्हणजे सार्वजनिक उपद्रव, कलम २७०, आणि शिक्षा कलम २९२ प्रमाणे एक हजार रुपयांपर्यंत दंड. हे वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर कलम १२५ लागतं, त्यात कैद आहे. जो डबा दुचाकीवर पडण्याबद्दल @सर्किट_शहापूर यांनी लिहिलं तो इथे बसतो.

कलम ३५३ मात्र अनेकजण चुकीचं सांगतात. ते खोटी माहिती, अफवा, भीती पसरवणारं विधान यासाठी आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुकी पाटी म्हणजे विधान नव्हे. पण पाटीच्या जोडीला "गोवावेसजवळ संशयास्पद वस्तू, खरं काय?" असा ऑडिओ स्वतःच व्हायरल केला, तर मात्र आपण त्या कलमाच्या दारात उभे असतो.

याशिवाय कर्नाटकात सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे. परवानगी नसलेली पाटी, पोस्टर, रंग, सगळं त्यात येतं.

बॉस्टनमध्ये पाट्या लावणाऱ्या दोघांवर खोटी बॉम्बसदृश वस्तू ठेवल्याचा आरोप झाला होता. भीती पसरवण्याचा हेतू होता हे सिद्ध करणं अवघड, म्हणून मे २००७ मध्ये समाजसेवा आणि जाहीर माफीवर प्रकरण मिटलं, एकाने ८० तास, दुसऱ्याने ६० तास. ते दोघे मजुरीवर काम करणारे कलाकार होते. बेत ठरवणारे दुसरेच. इथेही शिडीवर चढणारा पोरगाच आधी सापडेल, म्हणून त्याच्या खिशात परवानगीची प्रत असलीच पाहिजे.

खानापूरची_मैना
वकीलसाहेबांनी ऑडिओचा मुद्दा काढला ते फार बरं झालं. वस्तूपेक्षा अफवेची जाहिरात जास्त घातक आहे आणि ती बिनखर्चाची वाटते म्हणून लोक तिकडे वळतात. कृपा करून "हरवला आहे", "या माणसापासून सावध", "मुलाला पाहिलंत का" अशा धर्तीची जाहिरात कुणी करू नये.

२०१८ आठवा. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून व्हिडिओ फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, गाडीतून आलेल्या तरुणांवर जमाव तुटून पडला आणि त्यातला एक गेला. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. ज्या भागात असा इतिहास आहे तिथे अनोळखी माणसाला मुखवटा घालून शाळेसमोर फिरवणं, पोराला चॉकलेट देऊन कार्ड हातात देणं, हे जाहिरात म्हणूनसुद्धा करू नये. गावात तर नाहीच. जमाव कार्डावरचं नाव वाचायला थांबत नाही.

अनगोळकर
पण धक्का दिल्याशिवाय लोक बघत नाहीत हेही खरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी पोस्ट टाकली, दुसऱ्या दिवशी ती जिवंत, आणि कारण काय तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जागृती. दोन दिवस देशभर त्या आजाराबद्दल बोललं गेलं ना?

खानापूरची_मैना
@अनगोळकर, बोललं गेलं, पण आजाराबद्दल कमी आणि फसवणुकीबद्दल जास्त. ज्यांच्या घरात तो आजार आहे त्यांनी ती बातमी कशी वाचली असेल? मोहीम करणाऱ्या एजन्सीला जाहीर माफी मागावी लागली. उद्या खरी बातमी आली की लोक आधी "हीसुद्धा जाहिरात असेल" म्हणणार. तपासणीला या, लस घ्या, हे सांगायला विश्वासच लागतो. तोच मोडला.

अनगोळकर
आजाराच्या घरांचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यात नव्हता.

सीमेवरचा_वाटसरू
आपल्या भागापुरतं एक, जे बॉस्टनला लागू नव्हतं. बेळगावात बिननावाची पाटी दिसली की लोक आधी विचारतात, "कुणाची?", आणि त्याचा अर्थ दुकान कुठलं असा नसतो. भाषा कुठली, रंग कुठले, बाण कुठल्या चौकाकडे, यावरून तर्क सुरू होतात. भगवा किंवा लाल-पिवळा रंग वापरला की मोदक बाजूला राहतो. म्हणून रंग तटस्थ ठेवा. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आगेमागे आणि हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असताना काहीही लावू नका. त्या काळात बंदोबस्त असतो, जमावबंदीचे आदेश निघतात आणि बाहेरगावचे पोलीस येतात ज्यांना गोवावेस कुठे हेही माहीत नसतं.

आणि पाटीच्या मागे दोन्ही भाषांत लिहा. गस्तीचा हवालदार कन्नड वाचतो. त्याला पाटी उलटून "इदु जाहीरातु" दिसलं, पुढे फोन नंबर दिसला, की तो आधी त्या नंबरला फोन करेल. पाटी मराठीतच असली आणि वाचता आली नाही तर तो वायरलेसवर बोलेल. हा भाषेच्या मानापमानाचा प्रश्न नाही, वस्तू पटकन ओळखू येण्याचा आहे.

कुंदानगरी
हे मनात आलंच नव्हतं. मागच्या लेबलवर नेमकं काय काय लिहावं? आणि परवानगी कुणाकुणाची?

फ्लेक्स_खडेबाजार
लेबल असं: पोस्टकार्डाएवढं, पांढऱ्यावर काळं, लॅमिनेट केलेलं. वर कन्नड, खाली मराठी, "ही जाहिरात आहे". पाटी क्रमांक ४० पैकी अमुक. लावल्याची तारीख, काढायची तारीख. दोन मोबाईल नंबर, दोन वेगळ्या माणसांचे, २४ तास उचलणारे. परवानगीचा क्रमांक. पुढून दिसत नाही, म्हणजे सस्पेन्स जागेवर.

परवानगी जागेप्रमाणे बदलते, इथंच सगळे चुकतात. रस्ता, चौक: महानगरपालिका. कॅम्प: कँटोन्मेंट बोर्ड, पालिकेचा कागद तिथं चालत नाही. विजेचा खांब: हेस्कॉम ही वीज कंपनी, आणि ते देत नाहीत, मागूही नका. बसस्टँड: परिवहन मंडळ. स्टेशनची भिंत, रेल्वेवरचा पूल: रेल्वे. राष्ट्रीय महामार्ग ४८ चा पूल: महामार्ग प्राधिकरण. झाडाला खिळा मारायचा नाही, कुणाचंही झाड असो. खाजगी दुकानाचं शटर: मालकाचं एका ओळीचं संमतीपत्र, आणि तरीही पालिकेची जाहिरात परवानगी.

मार्कंडेयकाठ
कॅम्पाबद्दल जोर देऊन सांगतो. तिथे मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. लष्करी भिंतीजवळच्या झाडावर रात्री दोन वाजता शिडी लावणारा माणूस दिसला तर पुढे काय होईल हे विचारायलाच नको. कॅम्प यादीतून काढा. स्टेशन काढा. बसस्टँड काढा. पुलाखालच्या जागा तर पहिल्यांदा काढा.

निपाणीकर
कुणीतरी ड्रोन सुचवायच्या आत लिहून ठेवतो: सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र शेजारी-शेजारी आहेत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि लष्करी जागांभोवतीचे निर्बंध वेगळे. सरकारचा डिजिटल स्काय नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोनचं नाव काढू नये. आकाशकंदील उडवणं तर नकोच, पेटती वस्तू कुठे उतरेल ते वारा ठरवतो.

फुगेसुद्धा निरुपद्रवी नाहीत. सप्टेंबर १९८६ मध्ये क्लीव्हलँडला निधी गोळा करण्यासाठी जवळपास १५ लाख फुगे एकदम सोडले. पावसाळी हवेने ते खाली बसले, विमानतळाची धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली, आणि सरोवरात हरवलेल्या दोन मच्छीमारांना शोधणाऱ्या पथकाला पाण्यावर माणसं कोणती आणि फुगे कोणते ते कळेना. दोघेही वाचले नाहीत.

सर्किट_शहापूर
फुग्यांवरून: उद्घाटनाला कमान करणार असाल तर हवेचे फुगे लावा. जत्रेत स्वस्तात मिळणारा गॅस बहुतेक वेळा हायड्रोजन असतो. एलईडी माळेची ठिणगी, उदबत्ती, निरांजन, काहीही पुरतं. हीलियम महाग आहे म्हणून त्याच्या नावाखाली हायड्रोजन भरून देतात. सिलिंडरवरचं नाव बघितल्याशिवाय घेऊ नका.

वकील_चिकोडी
पोलिसांच्या पत्राबद्दल राहिलं. पोलीस आयुक्तांच्या नावे, प्रत हद्दीतल्या प्रत्येक ठाण्याला आणि वाहतूक शाखेला. शहरात पाट्या टिळकवाडी, मार्केट, खडेबाजार अशा वेगवेगळ्या हद्दींत जातात, एका ठाण्यात दिलेला कागद दुसऱ्याला माहीत असेल असं धरू नका. पत्र कन्नडमध्ये. सोबत पाटीचा पुढून-मागून रंगीत फोटो, जागांची क्रमवार यादी, नकाशा, लावायची रात्र आणि वेळ, काम करणाऱ्यांची नावं. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या. निदान सात दिवस आधी. निपाणीच्या पुढे कोगनोळी ओलांडून कागलला पाटी लावायची तर ते कोल्हापूर पोलिसांचं, वेगळं पत्र, मराठीत.

खानापूरची_मैना
आणि एवढं करूनही फोन आलाच तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते आधी कागदावर लिहून ठेवा:

बॉस्टनला उशीर नडला, म्हणून ज्याला आधी कळेल त्याने मालकाची वाट न पाहता ११२ ला फोन करायचा. वाक्य पाठ असावं: "अमुक चौकातली वस्तू आमची जाहिरात आहे, पाटी क्रमांक अमुक, परवानगी अमुक ठाण्यात, माणूस दहा मिनिटांत पोचतो." पोचलेल्या माणसाने दोरीच्या आत जायचं नाही, पाटीला हात लावायचा नाही, फक्त अधिकाऱ्याला कागद दाखवायचा. त्यांनी फोडायची ठरवली तर फोडू द्यावी. उरलेल्या सगळ्या पाट्या त्याच वेळी काढायला घ्याव्यात आणि किती काढल्या ते ठाण्याला कळवावं. दुकानाच्या पानावर लगेच दोन ओळी, मराठी-कन्नडमध्ये: पाट्या आमच्या, धोका नाही, त्रासाबद्दल माफ करा. त्या दिवशी त्या पोस्टमध्ये मोदकाचं चित्र नको आणि सवलतही नको. बॉस्टनच्या त्या दोघांनी सुटल्यावर पत्रकारांसमोर केशरचनेबद्दल गप्पा मारल्या आणि अडकून पडलेल्या लोकांचा राग दुप्पट झाला.

कुंदानगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला आहे. ४० ऐवजी १२ पाट्या. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार आणि शहापुरातल्या ओळखीच्या दुकानांच्या शटरवर, प्रत्येकाचं संमतीपत्र घेऊन. रेडियमचा पांढरा मोदक, निळी फोम शीट, मागे दोन्ही भाषांत लेबल. रात्री दोनऐवजी रात्री नऊला, दुकानं बंद होताना, सगळ्यांसमोर लावणार. आठ दिवस जास्त वाटतात, चार दिवसांत उलगडा. पत्र कन्नडमध्ये लिहून घेतोय.

वकील_चिकोडी
उलगड्याच्या दिवशी शाखेची कायमची पाटी लागेल, तिच्यावर ६० टक्के कन्नड लागतं, २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे. तीही आताच करून घ्या.

फ्लेक्स_खडेबाजार
आणि १२ लावल्या तर १२ काढून मोजा. एक गल्लीत राहिली आणि दिवाळीत कुणाला सापडली तर लेबलवरचे नंबर तेव्हाही चालू पाहिजेत.

कुंदानगरी
@फ्लेक्स_खडेबाजार दादा, काढायचं काम लावणाऱ्यांकडेच दिलंय, आणि प्रत्येक पाटी परत आल्यावर क्रमांकाप्रमाणे वहीत सही.